गार घरातली खिडकी

नाशिकची जुनी माणसं उन्हाळ्याबद्दल बोलायला लागली की थोडं खोटं बोलतात, असं मला लहानपणी वाटायचं. एप्रिलमध्ये पहाटे गोधडी ओढून घ्यावी लागायची म्हणे. पंखा पाहुणे आले तरच लावायचा. संध्याकाळी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, जाऊन बसलं की हात-पाय गार पडायचे. हे सगळं खरंही असेल. मी पाहिलेलं नाशिक मात्र मार्चमध्येच तापतं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. दुपारी छताकडे हात उंचावला तर तव्यावर धरल्यासारखी धग लागते.

आज सकाळी बाबांनी माळ्यावरून कूलर उतरवला. त्याच्या जाळ्यांतलं जुनं गवत त्यांनी बाल्कनीत झटकलं आणि तो वास घरभर पसरला. ओल्या गोणपाटाचा, साचलेल्या पाण्याचा, बंद खोलीचा. मी लॅपटॉपसमोर बसले होते. कंपनीचं काम घरूनच करते, परदेशातल्या लोकांच्या तक्रारींना इंग्रजीत नम्र उत्तरं लिहिते. वास आला आणि बोटं थांबली. बाबा रिटायर झाले त्या वर्षीचा उन्हाळा त्या वासात जसाच्या तसा होता.

बाबा पिंपळगावच्या रस्त्यावर एका कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर होते. द्राक्षांचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो. सगळ्या जिल्ह्याला घाम फुटलेला असायचा तेव्हा बाबा जाड जॅकेट आणि माकडटोपी घालून पेट्यांच्या थप्प्यांमधून फिरत असायचे. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या कपड्यांना पुठ्ठ्याचा आणि गार लोखंडाचा वास यायचा. मी लहान असताना त्यांचा हात ओढून गालावर धरायची. बाकीच्या मुलींचे बाबा येताना कलिंगड आणायचे. माझे बाबा थंडी आणायचे.

पण त्यामुळे झालं काय, की बाबांना उन्हाळा माहीतच नव्हता. इतकी वर्षं तो त्यांना फक्त बसस्टॉपवर भेटला होता. रिटायर झाल्यावरच्या पहिल्या मार्चमध्ये ते दुपारी घरी होते आणि अक्षरशः चक्रावले.

"अगं, हे घर आहे की भट्टी? तुम्ही राहता कसे इथे?"

आई भाकरी थापत होती. मागे न बघता म्हणाली, "राहतो. तुम्ही नव्हतात, आम्ही होतो."

बाबांना ते लागलं. एसीचा विषय निघाला आणि त्याच दिवशी मिटला. हप्त्यावर घेता आला असता, पण विजेच्या बिलापायी चालवता आला नसता. "आणि एसी हवाय कशाला?" बाबा म्हणाले. "जन्मभर थंडीच केली मी. दुसऱ्यांच्या द्राक्षांसाठी केली, आता आपल्या घरासाठी करतो. तुझी आई किती वर्षं त्या चुलीपुढे उभी आहे, बघतेस ना?" चूल नव्हती, गॅस होता. पण त्यांना काय म्हणायचं होतं ते कळलं. हे मी मुद्दाम लिहितेय. पुढचं सगळं वाचताना बाबांनी ते कोणासाठी केलं होतं, हे विसरलं जाऊ नये.

आधी गच्ची. मोठ्या पिंपात चुना भिजवला, त्यात डिंक कालवला आणि जुन्या खराट्यांनी मी आणि बाबांनी सगळी गच्ची पांढरी केली. दुसऱ्या दिवशी ती इतकी झळझळत होती की डोळे मिटून घ्यावे लागत. खालच्या मजल्यांवरची माणसं येऊन बघून गेली. उपाय खरोखर चांगला होता. छताची धग कमी झाली, नाकारता येणार नाही.

"आता इथे कुणी पाय ठेवायचा नाही," बाबा म्हणाले. "पांढरेपणा जातो."

"आणि माझ्या कुरडया?" आईने विचारलं.

"यंदा विकत आणू."

गच्ची हीच आईची एक जागा होती. वाळवणाच्या निमित्ताने ती सकाळी वर जायची, धोतरावर कुरडया घालून झाल्या तरी तासभर खाली यायची नाही. कठड्याला टेकून नुसती उभी असायची. विकत आणलेल्या कुरडयांनी तेवढं भरून निघणारं नव्हतं. पण हे बाबांना कसं दिसणार? ते त्या वेळी घरी नसायचे.

मग आत्याकडून टेम्पोत घालून जुनी हिरवी जाळी आली, तिच्या बेदाण्याच्या शेडवरची. बाबांनी ती बाल्कनीला तारेने बांधली आणि हॉलमध्ये शेवाळलेल्या विहिरीतला उजेड पडायला लागला. आमचे चेहरे, ताटातला भात, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं हिरवट. दारांवर ओली गोणपाटं. खिडक्यांच्या चौकटींत थर्मोकोलचे पत्रे कापून बसवलेले, कडेने चिकटपट्टी. आणि स्वयंपाकघर व हॉलच्या मधल्या दारात, कोल्ड स्टोरेजमधून काढून टाकलेल्या जाड, पारदर्शक प्लास्टिकच्या पट्ट्या. तिथल्या गार चेंबरच्या दाराला असतात तशा. माणूस त्यातून जातो-येतो, थंडी मात्र आतच राहते.

"गॅसची उष्णता इकडे यायला नको," बाबांनी समजावलं.

म्हणजे ती तिकडेच राहणार. तिकडे आई होती. हॉलमधून बघितलं की पट्ट्यांमागे तिचा आकार हलताना दिसायचा, पुसट, वितळल्यासारखा. पोळी घेऊन ती बाहेर आली की पट्ट्या तिच्या खांद्यांना चिकटून मग सुटायच्या. चट्ट, चट्ट.

दिवसाला एक शिस्त लागली. सूर्य वर यायच्या आत स्वयंपाक उरकायचा. दहा वाजले की घर बंद. दार उघडलं की आतून आवाज: "दार!" दूधवाला, कचरेवाली, मी, सगळ्यांना एकच शब्द. "दार!" बाबांनी भिंतीवर तापमापक लावला होता आणि दर थोड्या वेळाने जाऊन ते बघायचे. "अठ्ठावीस. बाहेर चाळीस आहे, चाळीस!" त्यांचा चेहरा त्या वेळी इतका आनंदी असायचा की कुणीच काही बोलू शकत नसे.

मी तर मुळातच कमी बोलते. शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. मराठीत मला भाजी घेता येते, रिक्षा ठरवता येते, मोठ्यांना 'हो' म्हणता येतं. घरात जे खरं बोलायचं असतं त्यासाठी माझ्याकडे एक भाषा होती आणि घराकडे दुसरी. म्हणून मी बघते. बघायला भाषा लागत नाही.

मला दिसलं ते असं. घर गार होतं, पण श्वास घ्यावासा वाटेल असं नव्हतं. कूलर बंद खोलीत चालायचा. हवेला बाहेर जायला फटसुद्धा नव्हती, त्यामुळे तीच हवा पाणी पीत पीत फिरत राहायची. पापड डब्यात मऊ पडले. मिठाचं पाणी झालं. बाबांच्या कातडी पट्ट्यावर पांढरी बुरशी आली. माझी बोटं लॅपटॉपच्या कळांना चिकटायची. अंगावर घाम यायचा आणि वाळायचाच नाही, रबरासारखा बसून राहायचा. बंद, अंधारं, ओलं आणि थंड. द्राक्षं ठेवायला यापेक्षा चांगली जागा नाही. दमट हवेत घडाचा देठ हिरवा राहतो, आणि व्यापारी आधी देठच बघतो, हे मी बाबांकडून कितीदा तरी ऐकलं होतं. बाबांनी आम्हाला सुकू न देण्याची सगळी व्यवस्था केली होती.

आणि मला आई दिसली. भाजी चिरता चिरता तिचा चेहरा गळ्यापासून वर लालबुंद व्हायचा, कपाळावर थेंब जमायचे. ती फ्रीज उघडून त्यात तोंड घालून उभी राहायची. पुन्हा पाच मिनिटांनी शहारून पदर गुंडाळून घ्यायची. बोलता बोलता चिडायची आणि कशावर चिडली ते विसरायची. एकदा दुपारी मी पाणी प्यायला उठले तर घरात आई नाही. बाहेर जिन्याच्या पायरीवर बसलेली, भिंतीतल्या सिमेंटच्या जाळीला गाल लावून. त्या जाळीतून गरम झळा येत होत्या. तोंड भाजेल अशा.

"आई, अगं इथे किती ऊन लागतंय."

"लागू दे. हवा तरी आहे."

आतून आवाज आला, "दार कोणी उघडं ठेवलंय?"

"मी!" आई ओरडली. मग माझ्याकडे बघून हळूच, "मी काय द्राक्षं आहे का गं?"

आम्ही दोघी हसलो. ती हसता हसता थांबली आणि छातीवर हात ठेवला. "खरं सांगू? मला वाटतं माझं हृदयाचं काहीतरी आहे. धडधडतं, मग आतून असा जाळ उठतो. माझ्या आईचं असंच झालं होतं. यांना सांगू नकोस. एवढं सगळं केलंय त्यांनी. मला एक खिडकी उघडी मिळाली ना, तर बास."

तिची मागणी एवढीच होती. एक खिडकी. तिने ती बाबांकडे मागितलीही होती, दोनदा. बाबांनी तिला हाताला धरून तापमापकाकडे नेलं होतं. "बघ. अठ्ठावीस. आता सांग, गरम कुठे होतंय?" त्यांचं खरंच चुकत नव्हतं. गरम होत होतं ती जागा तापमापकाला दिसणारी नव्हती.

आईला काय होतंय ते मला माहीत होतं. शाळेत नववीला असताना मुलांना ग्राउंडवर पाठवून आम्हा मुलींना हॉलमध्ये बसवलं होतं आणि एका बाईंनी पडद्यावर चित्रं दाखवत सगळं सांगितलं होतं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. शेवटाला इंग्रजीत एक शब्द आहे, त्या जाळाला आणखी एक. परीक्षेत मी व्याख्या लिहून पूर्ण गुण मिळवले होते. आईला मी जिन्यावरच म्हणाले, "हृदयाचं नसेल. या वयात... म्हणजे... असतं ते." पुढचा शब्द इंग्रजीतला. आईने तो नीट ऐकला, मान हलवली आणि तिला काही कळलं नाही. मी मराठी शब्द शोधला. तो इतका जड संस्कृत होता की आकाशवाणीवरच्या बातम्यांशिवाय कुठे म्हणता येणार नाही. आणि आपल्या घरांत जे शब्द असतात ते ओट्यापाशी कुजबुजले जातात, किंवा शब्दच नसतात. 'अडचण आहे.' 'बाजूला बसलेय.' येण्यासाठी इतके आडपडदे, तर जाण्यासाठी काय असणार? डॉक्टरांकडे चल म्हटलं तर आई म्हणाली, "कशाला? ते विचारणार, घरात फार उकडतं का?"

असे आठवडे गेले. मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने मागची खिडकी किलकिली करून यायची. बाबा थोड्या वेळाने ती लावायचे. आम्ही दोघं यावर एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही. तो उन्हाळा मी तसाच घालवला असता.

मेमध्ये आत्या आली. बाबांची धाकटी बहीण, पिंपळगावची. शेतात वाढलेली, आवाज असा की तो ऐकून खालच्या मजल्यावरच्यांनी चहा ठेवावा. दारातून आत पाय टाकला आणि थबकलीच.

"अय्यो दादा! लय गार हाय रे घर! माझ्या जाळीनं तर कमालच केली."

"जाळी सगळ्यांकडे असते. बांधायची अक्कल लागते," बाबा म्हणाले. तापमापक दाखवून झाला, पट्ट्या दाखवून झाल्या. आत्या पट्ट्यांतून मुद्दाम दोनदा आत-बाहेर करून हसली. मग तिचं लक्ष आईकडे गेलं. आई सरबताचे पेले घेऊन आली होती, ब्लाऊज पाठीला चिकटलेला, चेहरा तापलेला.

"वहिनी, तुम्हाला यातबी घाम? तुम्हाला बर्फाच्या लादीवर बसवलं तरी नाय भागायचं!"

बाबा हसले. वाईट हसले नाहीत, नवरे हसतात तसे. "हिला मी रोज सांगतो. हिचं मनातच गरम आहे."

आईने ट्रे टीपॉयवर ठेवला. ती बाबांच्या मागच्या खिडकीकडे गेली आणि तिने थर्मोकोलमध्ये मूठ घातली.

आवाज फार लहान झाला. कर्र, एवढाच. मग तिने दोन्ही हातांनी तुकडे ओढायला सुरुवात केली. पांढरे दाणे उडाले, तिच्या ओल्या हातांना, मानेला, केसांना चिकटले. चिकटपट्टी सोडवताना तिचं नख मोडलं, तरी ती थांबली नाही. खिट्टी वर करून तिने दोन्ही दारं ढकलली आणि मे महिन्याची दुपार भसकन आत शिरली. हिरवं घर पांढरं झालं. आई गजांना धरून उभी राहिली, तोंड उघडं, जणू पाणी पितेय.

"वेड लागलंय का तुला?" बाबा उठले. "सगळी मेहनत... अगं, संध्याकाळपर्यंत परत थंड नाही होणार! सरक तिकडून." त्यांनी खिडकीकडे हात नेला.

"नका लावू," मी म्हणाले.

घरात माझा आवाज इतका कमी ऐकू येतो की तिघांनीही वळून बघितलं.

"तू मध्ये पडू नकोस. घर गार आहे का नाही, सांग."

"घर गारच आहे, बाबा. आईला घराचं गरम होत नाहीये. तिला आतून होतंय."

"आतून म्हणजे?"

मला वाटलं, इंग्रजी शब्द टाकावा आणि सुटावं. बाबांना तो कळला नसता, त्यांनी कळल्यासारखं केलं असतं आणि सगळ्यांची लाज राहिली असती. खिडकी मात्र बंद झाली असती.

"तिची पाळी जातेय."

इतकं बारीक वाक्य. बाबांचा हात खिडकीच्या दारावर तसाच राहिला. मी त्यांच्या चपलांकडे बघत होते. कूलर घोंघावत होता. कुणीतरी तो बंद करावा असं मला वाटलं आणि बंद करू नये असंही.

आत्या पहिली सावरली. "अगं बाई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "वहिनी, मग असं आहे व्हय? आन् मी येडी थट्टा करतेय. माझं तर चार वर्षं चाललं होतं. थंडीत उठून मोटारीच्या पाण्यात पाय सोडून बसायची मी. घरच्यांना वाटलं, बाहेरचं काही लागलंय."

"चार वर्षं?" बाबा तिच्याकडे वळले. "मला कधी बोलली नाहीस."

"तुला काय सांगू दादा? द्राक्षाचा भाव विचारायला फोन करतोस तू."

बाबांनी हात खाली घेतला. ते जाऊन खुर्चीवर बसले. मग कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "शेतातून आलेला माल आतून गरम असतो. चेंबर कितीही थंड करा, नुसतं बंद ठेवून ती उष्णता निघत नाही. हवा खेळवावी लागते."

हे त्यांना माहीत होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. द्राक्षाला आतून उष्णता असते हे ज्याने हजारो वेळा हाताने तपासलं, त्याच्या मनात बायकोबद्दल ते एकदाही आलं नव्हतं. मला त्या क्षणी त्यांचा राग आला आणि लगेच त्यांचा चेहरा बघवेना.

आईने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मला वाटलं, ती हसेल. ती म्हणाली, "बापासमोर असं बोलतात का गं?" आणि पट्ट्या बाजूला सारून आत गेली. पुढचे बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. 'ताट घे.' 'गॅस बंद कर.' डॉक्टरांकडे ती आत्याबरोबर गेली, माझ्याबरोबर नाही. हृदय ठीक होतं, ते मला आत्याने फोनवर सांगितलं. खिडकी उघडी राहिली, आणि आई तिथे बसून भाजी निवडू लागली. मी माझ्या खोलीतून ते बघायची. माझ्या खिडकीतला थर्मोकोल मी काढला नव्हता. काढ म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारायला मला जमत नव्हतं.

आता घराची एक तडजोड झाली आहे. गच्ची अजून दरवर्षी पांढरी होते, फक्त कठड्यालगतची पट्टी आईच्या कुरडयांसाठी सोडलेली असते. कूलर आता उघड्या खिडकीत बसतो, बाहेरची हवा आत घेतो आणि समोरच्या खिडकीतून जाऊ देतो. पारा अठ्ठावीसला येत नाही. आम्ही तिघंही घामेजतो, पण घाम वाळतो. बाबा तापमापकाकडे बघतात, पण आकडा सांगत नाहीत. आमच्यात त्या विषयावर पुन्हा कधी बोलणं झालेलं नाही. मी तर पुन्हा मिटून गेले. एक वाक्य बोलले म्हणून माणूस बोलका होत नाही. माझी स्वतःची अशी वाक्यं अजून आहेत, या घरातून बाहेर पडण्याबद्दलची, आणि ती कोणत्या भाषेत सुरू करायची ते मला ठरवता येत नाही.

आज दुपारी मी खोलीत काम करत होते. दार लोटलेलं. हॉलमधल्या आईच्या त्या खिडकीसमोर, हाताच्या अंतरावर म्हणावी अशी, नव्या बिल्डिंगची एक खिडकी आहे. काच कायम बंद, खाली एसीचा डबा, त्यातली गरम हवा आमच्याच अंगावर. तिथे एक कुटुंब नवीन राहायला आलं आहे. त्यातल्या बाई आज काच थोडी सरकवून आईशी बोलत होत्या. वयाने आईपेक्षा थोड्या लहान असाव्यात.

"काकू, एवढ्या उन्हाची खिडकी उघडी कशी ठेवता हो तुम्ही?"

मी कान दिला. आता आई म्हणेल, 'अशीच' किंवा 'वारा येतो जरा.'

"माझी पाळी गेली ना," आई म्हणाली. कोथिंबिरीचा भाव सांगावा तशी. "जाताना फार जाळ व्हायचा अंगाचा. बंद घरात जीव घाबरा व्हायचा. तेव्हापासून उघडीच असते."

मी लॅपटॉपवरचे हात काढून घेतले.

"काकू," मग बाई म्हणाल्या, खूप हळू, "एसी लावूनसुद्धा होतं का हो तसं?"

"होतं की."

मग समोरची काच सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, लावून घेतली. मी उठून बघितलं. एसी चालू होता, आणि ती खिडकी पूर्ण उघडली होती.